गालावरचा हात

शिट्टी वाजली की वीस मीटरवरच्या शंकूपर्यंत पळायचं, पुढची शिट्टी वाजायच्या आत तिथं पोचायचं, वळायचं आणि परत यायचं. दर मिनिटाला शिट्टी थोडी लवकर वाजायची. संग्राम निकमनं आणलेली ही परीक्षा आमच्या पिंपळकट्टा तालमीच्या एकवीस जणांनी त्या सकाळी दिली, आणि सगळ्यांत आधी बाहेर पडलो तो मी. उत्तम साळोखे, वय पस्तीस, संघाचा कप्तान, पहिल्या संघात सोळावं वर्ष.

गुडघ्यांवर हात टेकून मी उभा राहिलो. नाकावरून घाम मातीत टपकत होता. पोरं पळतच होती आणि मधेच एकमेकांशी बोलतही होती. पळताना बोलायला त्यांच्याकडं श्वास उरत होता, याचंच मला जास्त वाटलं. संग्राम वहीत आकडे लिहीत होता. माझ्यापुढं काय लिहायचं ते लिहून त्यानं पान उलटलं आणि माझ्याकडं बघायचं टाळलं.

ही २००९ सालची गोष्ट. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नाही. पेठेपेठेतल्या तालमींचे फुटबॉल संघ असतात, आणि मोसम सुरू झाला की पेठेतल्या म्हातारीलासुद्धा कोण कुणाशी खेळणार ते पाठ असतं. आमच्या तालमीनं मोठा चषक एकदाच जिंकला होता, १९७१ साली. त्यानंतर अडतीस वर्षं आम्ही नुसती हलगी लावून जायचो आणि हलगी बंद करून परत यायचो. म्हणून त्या वर्षी मंडळानं वर्गणी काढून संग्रामला आणलं. तो आमच्याच पेठेतला, पण बाहेर जाऊन शारीरिक शिक्षणाचं शिकून आलेला. त्यानं वडापाव बंद केले, झोपेचे तास ठरवले आणि ही शिट्टीची परीक्षा आणली.

तालमीच्या कट्ट्यावर बसणाऱ्या जुन्या खेळाडूंना यातलं काही पटत नव्हतं. त्यांचे पुढारी हिंदुराव सासने. सगळे त्यांना हिंदूआबा म्हणायचे. वय सदुसष्ट, पाठ अजून ताठ, डोक्याला पांढरा पटका. ७१च्या संघातले हाफबॅक.

"शिट्टीवर शिकारी कुत्री पळवत्यात," आबा म्हणाले. "आमी बॉलमागं पळायचो. सकाळी म्हशीखालचं दूध, मग पाचशे बैठका, दिवसभर तेलाच्या घाण्यावर हमाली, आणि सांजच्याला मॅच. तुझ्या पोरांना तसलं एक तरी दिवस जमंल काय?"

संग्राम शांत माणूस. तो म्हणाला, की त्या वेळी खेळच सावकाश होता. आजचा हाफबॅक एका सामन्यात जेवढा पळतो त्याच्या निम्म्यानंसुद्धा तेव्हाचा पळत नसणार.

"मोजलं हुतंस काय?"

"नाही आबा."

"मग?"

आणि मग आबा ती गोष्ट सांगायचे. आम्ही सगळ्यांनी ती लहानपणापासून ऐकलेली. एकाहत्तरची फायनल, दगडी चावडी मंडळाशी. सत्तर मिनिटांचा सामना, बदली खेळाडू घ्यायची पद्धत नाही. उत्तरार्धात चावडीच्या ईश्वरा पोवारनं मागून येऊन आबांच्या बरगडीत गुडघा घातला. आबा आडवे. पंच धावत आले, प्रेक्षकांतून दगड आले, ईश्वराला बाहेर काढला. आबांनी तोंडावर पाणी मारून घेतलं, छातीला पटका आवळून बांधला आणि मोडक्या बरगडीनं शेवटची वीस मिनिटं खेळून काढली. चावडी दहा जणांवर आली, आम्ही गोल केला आणि चषक आणला. ईश्वरा पोवारवर दोन वर्षांची बंदी आली. चावडीच्या आणि आमच्या पेठेत त्यानंतर कितीतरी वर्षं सोयरीकसुद्धा होत नव्हती.

"मोडक्या बरगडीनं," आबा म्हणायचे. "आता नखाला लागलं तर बर्फ मागत्यात."

पोरं हसायची. मी हसत नव्हतो. खरं सांगायचं तर मला दोन्ही बाजू परक्या होत्या. म्हशीखालचं दूध पिणाऱ्यांतला मी नव्हतो आणि डब्यातली प्रोटीन पावडर पिणाऱ्यांतलाही नव्हतो. मी शिरोलीत फौंड्रीला होतो, मोल्डिंगला. आठ तास पेट्या उचलायच्या, वाळू ठोकायची आणि घरी येऊन बूट घेऊन मैदानावर जायचं. मला एवढंच ठाऊक होतं की गेली दोन वर्षं मला उत्तरार्ध जात नाही. बॉल कुठं येणार ते मला सगळ्यांच्या आधी दिसायचं. तिथं पोचायचो मात्र सगळ्यांच्या नंतर.

परीक्षेनंतर दोन दिवसांनी संग्रामनं मला बाजूला घेतलं. तो माझ्याहून आठ वर्षांनी लहान. खूप वेळ इकडचं तिकडचं बोलला. शेवटी म्हणाला, "दादा, तुमच्याइतकं डोकं संघात कुणाला नाही. पण मला तुमची पन्नास मिनिटं पुरे आहेत. पन्नासाव्या मिनिटाला मी हात केला की बाहेर यायचं. चालेल?"

मी म्हटलं चालेल. मनात सुटल्यासारखंही वाटलं होतं.

त्या मोसमात आम्ही असंच खेळलो. पन्नासावं मिनिट आलं की संग्राम हात करायचा, मी बाहेर यायचो, ताज्या पायांचा पोरगा आत जायचा. आम्ही एकामागून एक सामने जिंकत गेलो. कट्ट्यावर मात्र मी आलो की कुणीतरी म्हणायचं, "आला बघा अर्ध्या तिकिटाचा." आबा तसं कधी बोलले नाहीत. ते नुसते विचारायचे, "का रं, बाहेर का आलास? लागलं काय?" मी नाही म्हणायचो. "मग?" मला त्याचं उत्तर देता यायचं नाही. दमलो, असं सरळ सांगायची कट्ट्यावर रीत नव्हती.

अंतिम सामना पुन्हा दगडी चावडीशीच पडला. मार्चचा शेवट, रविवार, चारची वेळ. स्टेडियम गच्च भरलेलं. आमच्या बाजूच्या पायऱ्यांवर पहिल्या रांगेत ७१च्या संघातले हयात असलेले पाचजण बसवले होते, फेटे बांधून. आबा मधे.

चावडीकडं सूरज मगदूम म्हणून एकोणीस वर्षांचा पोरगा होता. उजव्या बाजूनं खेळायचा. किडकिडीत, कपाळावर केस, आणि वेग असा की बॉलच त्याच्या मागं राहतो की काय असं वाटायचं. गोव्याच्या एका क्लबनं त्याला पुढच्या पंधरवड्यात चाचणीला बोलावलंय, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्याच्यावर मीच राहणार होतो.

पूर्वार्ध बरा गेला. मी त्याच्यामागं पळतच नव्हतो; तो जिथं येणार तिथं आधी जाऊन उभा राहत होतो. एकदा तो वैतागून हसला आणि म्हणाला, "काका, तुम्ही पळा की जरा." मलाही हसू आलं. त्यांचा एक गोल झाला, आमचा एक. दोन्हींत आम्हा दोघांचा काही हात नव्हता.

पन्नासावं मिनिट आलं. संग्राम रेषेपाशी उभा राहिला आणि त्यानं हात केला. मी बघितलं. बघितलं आणि नजर दुसरीकडं वळवली. सामना बरोबरीत होता, पुढं फेटे बांधून पाचजण बसले होते, आणि अडतीस वर्षांनी आलेला दिवस मला बाकावर बसून काढायचा नव्हता. त्यानं पुन्हा हात केला. मी पाठ फिरवली. तिसऱ्यांदा त्यानं हाक मारली, ती सगळ्यांना ऐकू गेली असणार. मी हातानंच त्याला थांब म्हटलं. माझ्या दंडाला कप्तानाची पट्टी होती. मला ओढून बाहेर काढायची त्याची हिंमत झाली नाही.

साठाव्या मिनिटापर्यंत मला बरं वाटत होतं. पासष्टाव्याला मांड्यांत शिसं भरल्यासारखं झालं. सत्तराव्याला कानांत घूं आवाज सुरू झाला आणि लोकांचा गलका लांब गेला. एकाहत्तराव्या मिनिटाला सूरजला बॉल मिळाला, रेषेच्या कडेला. त्याच्यापुढं मी, आणि माझ्यामागं फक्त गोली. तो आला. मी आडवा गेलो. त्यानं बॉल माझ्या डावीकडून सारला आणि वळताना त्याचा हात हवेत फिरला. पुढच्या क्षणाला मी जमिनीवर होतो.

डोळे उघडले तेव्हा माझा डावा हात डाव्या गालावर होता. पंचांची शिट्टी वाजलेली. आमच्या बाजूचं सगळं स्टेडियम उभं. रेषेवरच्या पंचानं झेंडा वर केला होता, मुख्य पंच मागून धावत येत होते, आणि आमची पोरं "कोपर मारला, कोपर मारला" म्हणत सूरजच्या अंगावर गेली होती. सूरज बॉल सोडून परत आला होता. तो माझ्याकडं वाकला आणि म्हणाला, "काका, मी हात पण लावला नाही. सांगा की त्यांना."

मी डोळे मिटून घेतले.

पंचांनी लाल कार्ड काढलं. सूरजनं काय केलं ते मी बघितलं नाही, नंतर ऐकलं. त्यानं पंचांच्या छातीवर हात ठेवून त्यांना ढकललं. मग बाटल्या आल्या, चपला आल्या, पोलीस आत आले. दहा मिनिटं खेळ बंद. मला स्ट्रेचरवरनं बाहेर नेलं तेव्हा पहिल्या रांगेतले फेटेवाले उभे राहून टाळ्या वाजवत होते. आबा वाजवत होते की नाही ते मला दिसलं नाही. दहा जणांच्या चावडीवर आम्ही अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला गोल चढवला. चषक आमचा.

गुलाल, हलगी, ट्रॅक्टरवर चषक. मला वर उचलून बसवलं. पेठेत येईपर्यंत माझा कोपर लागलेला गाल हीच एक गोष्ट झाली होती. कुणी म्हणत होतं जबडा हलला, कुणी म्हणत होतं दात पडला. आबा मिरवणुकीत नव्हते. पाय दुखतात म्हणून घरी गेले, असं कुणीतरी सांगितलं.

घरी बायको, मंगल, माझ्या तोंडावर पाणी घालून गुलाल काढत होती. गाल पुसताना तिनं माझी हनुवटी धरून उजेडाकडं वळवली.

"गाल तर चांगला दिसतोय."

"आतनं लागलंय," मी म्हटलं.

तिनं माझी हनुवटी सोडली. पाणी टाकून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सोमवार. मला दुसरी पाळी होती. नवाच्या सुमाराला हिंदूआबा आले. सोळा वर्षांत ते कधी माझ्या घराची पायरी चढले नव्हते. मंगलनं चहा दिला. तो त्यांनी बशीत ओतून सावकाश प्यायला, बशी खाली ठेवली आणि मला विचारलं, "लागलं काय रं तुला?"

"लागलं की आबा."

"कुठं?"

मी उजव्या गालावर हात ठेवला.

ते माझ्याकडं बघत राहिले. "काल डाव्यावर ठेवला हुतास," म्हणाले.

मंगल दारात उभी होती. ती आत निघून गेली. मी हात खाली घेतला. आता ओरडतील, असं वाटलं. पण ते ओरडले नाहीत. भिंतीला टेकले आणि बोलायला लागले. आवाज इतका खाली, की मला पुढं सरकून ऐकावं लागलं.

एकाहत्तरच्या त्या दिवशी ते पहाटेपासून तेलाचे डबे वाहत होते. मालकानं दोनला सोडलं. पोटात एक भाकरी आणि ठेचा. पूर्वार्ध निभावला. उत्तरार्ध सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली आणि त्यांना दिसायचं बंद झालं. मैदान पांढरं दिसायला लागलं. बाहेर जायची सोय नव्हती. गेलो तर संघ दहावर येतो आणि आयुष्यभर पेठ तोंडात शेण घालते. ईश्वरा पोवार मागून धावत येत होता. त्याच्या पायांचा आवाज त्यांनी ऐकला, आणि ते पडले.

"त्यानं मला शिवलंबी न्हाई," आबा म्हणाले. "पडलो ते खरं पडलो. पाय गेलं हुतं माझं. पण खाली पडल्यावर कुणी ऊठ म्हटलं असतं, तर मला उठता आलं असतं. मी बरगडी धरली. बरगडी का धरली, काय सांगू? कायतरी धरायला पायजे हुतं. नुसतं कसं पडून ऱ्हायचं?"

"आणि बरगडी मोडली ती?"

"कुठली मोडतीय. पडून जरा दम खाल्ला, पाणी प्यालो आणि खेळलो. तेवढ्या इसाव्यावर वीस मिनिटं निघाली." जरा थांबून म्हणाले, "काल तू पडलास तवा मी तुझं पाय बघत हुतो. माझ्याशेजारी चौघं टाळ्या वाजवत हुती. तुझं पाय गेलं, मला तेवढं कळलं."

मग मीही सांगितलं. पाय गेले हे खरं होतं. सूरजचा हात माझ्या तोंडापासून वीतभर लांबून गेला होता. गालावर हात मी ठेवला होता, आणि तो पोरगा वाकून बोलत असताना मी शुद्धीवर होतो.

ईश्वरा पोवारला एका सूतगिरणीनं खेळाडू म्हणून नोकरी देऊ केली होती. बंदी आल्यावर ती गेली. पुढं त्यानं बत्तीस वर्षं ट्रक चालवला. हे आबांना सगळं माहीत होतं. एकाच गावात राहून अडतीस वर्षं ते त्याला चुकवत आले होते. मंडईत तो दिसला की पलीकडच्या गल्लीनं जायचे.

"उद्या कमिटी बसतीया," आबा म्हणाले. "त्या पोराला दोन वर्सं तरी घालतील. कप जाईल न जाईल, ते बघू नकोस. माझ्यासारखं अडतीस वर्सं थांबू नकोस, एवढंच सांगाय आलोय."

ते आणि मी मंगळवारी दुपारी असोसिएशनच्या कचेरीत गेलो. शिस्त समितीची तीन माणसं बसली होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांनी एकमेकांकडं बघितलं. एकानं विचारलं, तुझ्यावर चावडीवाल्यांनी दबाव आणलाय काय. मी नाही म्हटलं. दुसऱ्यानं विचारलं, की मग पडलास कशानं.

"दमलो होतो."

"दमला होतास तर बाहेर यायचं."

"यायला पाहिजे होतं," मी म्हटलं.

त्यांनी लेखी मागितलं. मी तिथंच बसून लिहून दिलं. कोपराबद्दलची शिक्षा काढून टाकली. पंचांना ढकलल्याबद्दल तीन महिने बंदी राहिली. निकाल बदलला नाही, मैदानावर लागलेला निकाल बदलत नाही म्हणाले. दोन वर्षांचे तीन महिने झाले, पण गोव्याची चाचणी त्या तीन महिन्यांतच होती. सूरजची ती संधी गेली. पुढच्या वर्षी पुन्हा कुणी बोलावलं नाही. तो आता एका शाळेत पोरांना खेळ शिकवतो. रस्त्यात दिसला तर मान हलवतो, बोलत नाही. मीही ओढून बोलत नाही.

कचेरीतून बाहेर पडल्यावर मला वाटलं आबा घरी जातील. त्यांनी रिक्षा थांबवली आणि फुलेवाडीचं नाव सांगितलं.

ईश्वरा पोवारचं घर शेवटच्या थांब्याच्या पलीकडं होतं. तो अंगणात पोत्यावर बसून शेंगा फोडत होता. उंच माणूस, खांदे वाकलेले, डोळ्यांना जाड चष्मा. आबांना त्यानं लगेच ओळखलं. बसा म्हणाला नाही. त्याची सून दोन खुर्च्या घेऊन आली, त्याच्याकडं बघितलं आणि खुर्च्या तशाच ठेवून गेली. आम्ही उभेच राहिलो.

आबांनी पटका काढून हातात घेतला. "ईश्वरा," ते म्हणाले, "त्या दिवशी तू मला मारलं न्हाईस."

ईश्वरानं हातातली शेंग फोडली. दाणे परातीत टाकले.

"ते मला ठावं हाय," तो म्हणाला. "मला कशाला सांगायलाईस?"

मी खाली बघत होतो. शेजारच्या घरातून कुकरची शिट्टी ऐकू आली. ईश्वरानं आणखी चार-पाच शेंगा फोडल्या. मग चष्मा काढून धोतराला पुसत त्यानं विचारलं, "कितपत दमला हुतास?"

"काय दिसत नव्हतं. सगळं पांढरं."

"हां." चष्म्याची दुसरी काच पुसत तो म्हणाला, "मी तुझ्यामागं पळत हुतो, ते काय तुला गाठायला न्हवं. बॉल तर कवाच पुढं गेला हुता. थांबलो तर पडतोय, म्हणून पळत हुतो. मनात म्हणत हुतो, कुणीतरी धक्का मारावा, म्हणजे खाली पडाय मिळंल." त्यानं चष्मा परत घातला. "तेवढ्यात तू पडलास."

आबांनी खुर्चीची पाठ धरली.

"तू पडला नसतास तर मी पडलो असतो," ईश्वरा म्हणाला. "आनि मग ट्रक तू चालवला असतास." मग आत बघून म्हणाला, "चहा ठेव गं तीन." आमच्याकडं बघून पुढं म्हणाला, "चहा प्या. पन मी माफ केलं, असं कुठं सांगत हिंडू नकोस. मी तसं म्हटलेलं न्हाई. सांगायचंच असंल तर तुझ्या कट्ट्यावर जाऊन सांग."

आम्ही चहा प्यालो. निघताना त्यानं आबांना मूठभर शेंगदाणे दिले. ते त्यांनी पटक्यात बांधून घेतले.

त्याच संध्याकाळी आबांनी कट्ट्यावर सांगितलं. चषक तालमीच्या दारात हार घालून ठेवलेला होता. पोरं होती, जुने होते, संग्राम होता. माझी बातमी आधीच पोचली होती. मी आलो तसं दोघं उठून गेले. आबा उभे राहिले आणि त्यांनी एकाहत्तरची गोष्ट सांगितली, या वेळी खरी. बरगडी मोडली नव्हती. ईश्वरानं शिवलं नव्हतं. मी दमलो होतो, म्हणाले.

मग त्यांच्याच संघातले एकजण हसले. "हिंदुराव, ह्या उत्तमला पाठीशी घालाय एवढं खोटं बोलू नगासा. मी हुतो की तिथं. बरगडीचा आवाज मी ऐकलाय."

"कसला आवाज? मोडलीच न्हाई तर आवाज कसला?"

"आवो, मी कानानं ऐकलाय."

आबांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. "आरं, दमलो हुतो मी, दमलो हुतो," असं ते म्हणत राहिले, आणि लोक त्यांना समजावत राहिले, की आबा, तुमच्या वेळची माणसं दमत नव्हती. कुणीतरी त्यांच्यासाठी चहा मागवला. कुणीतरी मला म्हणालं, बघ म्हाताऱ्याला काय करून ठेवलंस. एकटा संग्राम काही बोलला नाही. आबा बोलायचे थांबले तेव्हा त्यानं पुढं होऊन एवढंच विचारलं, त्या दिवशी काय खाल्लं होतं. आबांनी सांगितलं, एक भाकरी आणि ठेचा. कामाला किती वाजल्यापासून होतात? पहाटे चारपासून. संग्रामनं मान हलवली. "मग दमणारच की आबा," तो म्हणाला. "कुणीही दमला असता."

आबा त्याच्याकडं बघत राहिले. त्या कट्ट्यावर त्यांच्यावर विश्वास ठेवणारा तो एकटाच निघाला.

मला तालमीनं काढलं नाही. पुढच्या मोसमात बोलावलंही नाही. आबा आणखी चार वर्षं होते. दर महिन्या-दोन महिन्यांनी रिक्षा करून ते फुलेवाडीला जायचे. कधी मला बरोबर घ्यायचे. ईश्वरा त्यांना चहा द्यायचा. दोघं फार काही बोलायचे नाहीत. आबा गेले त्या दिवशी तो आला होता. तालमीच्या सेक्रेटरीनं माईक हातात घेऊन सगळ्यांना मोडक्या बरगडीची गोष्ट सांगितली. ईश्वरा माझ्या शेजारी उभा होता. गोष्ट संपेपर्यंत त्यानं ऐकून घेतली, मग माझा दंड धरला आणि म्हणाला, "चल, जरा बसू या कुठंतरी. फार येळ उभं ऱ्हावत न्हाई."